केरूनानांचा पाच अक्षरी शब्द

नाशिक रोडच्या त्या कॉलनीत केरूनाना बच्छाव सोडून सगळ्यांचं नाव फळ्यावर येऊन गेलं होतं.

फाटकाशेजारच्या फळ्याची ही कल्पना चेअरमन अमित सरांची. रोज संध्याकाळी ते ग्रुपवर कोडं टाकत: इंग्रजी शब्द, पाचच अक्षरं, त्यात अमुक अमुक अक्षरं हवीत. जो दुसऱ्या कुणाला न सुचलेला शब्द अर्थासकट पाठवील, त्याचा शब्द आणि नाव सकाळी फळ्यावर. लिफ्ट बंद होती, पाणी दिवसाआड येत होतं, पण कॉलनीचं इंग्रजी जोरात सुधारत होतं.

एरवी नानांनी हे मनाला लावून घेतलं नसतं. पण बी विंगमधल्या विमलाबाई, म्हणजे सूनबाई वेदिकाची आई, दोनदा फळ्यावर झळकल्या होत्या. चहाला आल्या की विचारायच्या, "काय व्याही, तुमचा काही शब्दबिब्द?" तहसील कचेरीत उभा जन्म मराठीत शेरे मारण्यात गेलेल्या नानांना तो चहा कडू लागायचा. एकदा तरी विहीणबाईंनी आपलं नाव मान वर करून वाचावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

त्या दिवशी ओ, यू आणि एन ही अक्षरं आली. साउंड, राउंड, काउंट सगळ्यांनीच पाठवले. नानांनी मोबाइलवर असे शब्द हुडकून त्यातला कुणी बघणार नाही असा उचलला: मोर्न, अर्थ शोक करणे. अमित सरांनी पसंतीचा अंगठा पाठवला. नाना जिंकले!

पहाटे ते ओलं फडकं घेऊन स्वतः खाली गेले. चेअरमनचं अक्षर गिचमिड, आपला मान त्यांच्या हाती कशाला द्या? फळा त्यांनी वरपासून खालपर्यंत घासून पुसला. वर 'आजचा इंग्रजी शब्द' असा कागद डिंकाने चिकटवलेला होता, तोही मनापासून पुसला. हा फळा मुळात कॉलनीत कुणी वारलं तर लिहायला आणलेला. त्या कागदाखाली ऑइलपेंटमध्ये 'दुःखद निधन' रंगवलेलं होतं. आनंदाच्या भरात नाना ते साफ विसरले.

त्यांनी ठळक लिहिलं: 'मोर्न. शोक करणे. श्री. केरू बच्छाव.' मग शोभेसाठी देव्हाऱ्यातला झेंडूचा हार फळ्याला घातला आणि आपला मोबाइल वॉचमन सहादूच्या हातात दिला.

"सहादू, ऊन पडलं की याचा छान फोटो काढ आणि आमच्या सटाण्याच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर टाक. जमेल ना?"

"जमंल की नाना. लय भारी दिसतंय."

आपण वाचनालयात जाऊन बसावं, म्हणजे सगळे निवांत वाचतील आणि मग आपण सहज आल्यासारखं यावं, असा नानांचा बेत होता. उन्हात डिंक सुटला, कागद गळून पडला. सहादूने सांगितल्याप्रमाणे फोटो काढला आणि सांगितल्याप्रमाणे पाठवला.

परतताना कॉलनीबाहेरच नानांना बांबू घेऊन उभा असलेला टेम्पो दिसला. कोण बिचारं गेलं, असा विचार करत ते हळहळत आत शिरले. खुर्च्या मांडल्या होत्या. मधोमध विमलाबाई डोळ्यांना पदर लावून सांगत होत्या, "असा व्याही मिळायला भाग्य लागतं हो! कधी उलटून बोलले नाहीत."

शेजारी नानांच्या पत्नी कुसाबाई कमरेवर हात देऊन ओरडत होत्या, "अहो, चहा-खारी खाऊन गेलाय माणूस! येईल इतक्यात!"

"धक्का बसलाय बिचारीला," अमित सर कुजबुजले. "नानांना चाहूल लागली असणार, काल शब्दही 'शोक करणे'च पाठवला. पाणी द्या कुणीतरी."

"कोण गेलं?" नानांनी विचारलं.

विमलाबाईंनी पदर बाजूला केला आणि अशी काही किंकाळी फोडली की टेम्पोवाल्याने टेम्पो चालू केला. पुढची काही मिनिटं कोण कोणाला सावरतंय ते कळेना. शेवटी सगळ्यांच्या नजरा सहादूवर गेल्या.

"अरे, पहाटे माझ्याशी बोललास ना तू?" नाना कडाडले.

"बोललो की! म्हणूनच म्हणलं, काय धीराचा माणूस. जायच्या आधी सोताचं सोता लिहून, हार घालून गेला."

"आणि इतके फोन आले असतील, ते?"

"दुसऱ्याचा फोन उचलाया बरं नाय दिसत, नाना."

तेवढ्यात सटाण्याहून जीप आली. नानांच्या वहिनी धोंडाबाई रडतच उतरल्या आणि समोर दीर जिवंत उभा बघून जागीच थिजल्या.

"अरे, हाऊ तं जित्ता शे!"

सगळे हसले, काही जण रडले, कुणीतरी चहा मागवला. पण फळ्याकडे कुणी बघेना. नानांचा जीव तिळतिळ तुटत होता. अखेर धोंडाबाईंनीच बोट दाखवलं, "आणि हे काय लिहिलंय रे इंग्रजीत?"

नानांची छाती फुगली. "मोर्न, वहिनी. म्हणजे शोक करणे."

"मग तेच करायला तर आलो होतो!" धोंडाबाई डाफरल्या.

दुसऱ्या सकाळी नाना दूध आणायला खाली उतरले. कागद पुन्हा चिकटवलेला होता, या वेळी खिळे ठोकून. फळ्यावर शब्द होता 'अलाइव्ह', अर्थ जिवंत, आणि नाव विमलाबाईंचं. तिसऱ्यांदा! नानांचा चेहरा पडला. मग त्यांना खालची बारीक ओळ दिसली: 'उदाहरणार्थ, आमचे व्याही केरूनाना.'

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. फडकं घेऊन फळ्याकडे येणाऱ्या सहादूला त्यांनी हात करून थांबवलं.

"आज पुसू नकोस रे."

"फोटो काढू का, नाना?"

"खबरदार!" नाना म्हणाले.