शिरीषाचं बयान

आमचे शेजारी पेशकारसाहेब सरकारी बागेत फिरायला जात, तेव्हा बरोबर एक गवाह नेत. फुलांचा वास घ्यायला! आणि तो गवाह, माझ्या कर्मानं, मी होतो.

निजामी राजवट होती. साहेबांनी धाराशिवच्या कचेरीत उभा जन्म पेशकारी केली होती. मुन्सफापुढे खटल्याच्या मिसली, म्हणजे कागदपत्रं, मांडायच्या, गवाहांचे जबाब उतरवून घ्यायचे. पेन्शनीत गेले, पण कचेरी काही अंगातून गेली नाही. त्यात मिसरूड फुटायच्या आधीपासून तपकीर ओढून नाक पार निकामी झालेलं. चैत्र लागला, की सकाळीच माझ्या दाराची कडी वाजे.

"मास्तर, चला. मोगरा हजर झालाय."

बाग जुनी, कुण्या सुभेदाराच्या हौसेची. कमान ढासळलेली, दगडी हौद कोरडा. पण झाडं अशी, की चैत्रात तिथून पाय निघू नये. माझा मात्र जीव निघायचा. प्रत्येक झाडाखाली उलटतपासणी!

"वास कसाय?"

"छान आहे."

"छान म्हंजे काय? बयान साफ द्या! गोड का उग्र? दुरून येतो, का नाक लावावं लागतं?"

मी सांगे ते सगळं वहीत उतरे. एखादं फूल घरी न्या आणि काय ती तपासणी करा म्हटलं, तर डोळे वटारत. "सरकारी झाड हाय. तोडायचा हुकूम न्हाय." खाली पडलेलं उचलतो म्हटलं, तर "पडलेलं बी सरकारीच."

इकडे शाळेची घंटा होऊन जाई. तिसऱ्यांदा उशीर झाला, तेव्हा हेडमास्तरांनी सगळ्या वर्गासमोर मला घड्याळ दाखवलं. दुसऱ्या दिवशी हौदाकाठच्या शिरीषाखाली साहेबांनी वही उघडली आणि माझं डोकंच फिरलं. मान वर न करता मी म्हणालो, "केवड्यासारखा आहे. भलता उग्र."

साहेबांनी मुकाट्यानं लिहून घेतलं. गवाहानं एकदा सांगितलं, की त्यांच्या लेखी विषय संपला. मी वेळेवर शाळेत पोचलो आणि दिवसभर खुशीत होतो.

संध्याकाळी त्यांच्या घरून बोलावणं आलं. साहेब देवळात गेले होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या.

"मास्तर, शिरीषाला केवड्याचा वास कधीपासून यायला लागला?"

मी गारच झालो.

"बागेत हप्त्यातला एक दिवस जनान्याचा असायचा. बायांशिवाय कुणाला आत सोडत न्हवते. तीस वर्सं गेले मी. झाडन् झाड नाकानं ओळखते. ह्यांच्यासंगं जायची काही सोय न्हवती. आता मी अशी पडून, तर हे रोज येऊन सांगतात, आज अमक्याचा वास असा आला, तमक्याचा तसा. मीच हुंगून आलो म्हणतात. सकाळी तुमच्या दाराची कडी वाजते, ती ऐकते मी."

"पण काकू, त्यांना तर..."

"वास येत न्हाय. लग्नाच्या वर्सीच कळलं मला. चुलीवर दूध करपलं, शेजारीण नाकाला पदर लावून आली, अन् हे तिथंच मिसल वाचत बसलेले!" काकू हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला ठावं हाय, हे त्यांना ठावं न्हाय. तुमी बी सांगू नका. पण बयान तेवढं खरं द्या, मास्तर. माझी बाग आता तुमच्या नाकावर हाय."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कडी वाजायच्या आधीच मी दारात उभा होतो. शिरीषाखाली आल्यावर म्हणालो, "साहेब, कालचा जबाब बदलायचाय."

"दिलेला जबाब बदलता?" साहेब खवळले.

"काल सर्दी होती." मी फांदी खाली ओढली, डोळे मिटले. "मंद आहे. गोडसर. नाक लावलं की हरवतो, दोन पावलं मागं सरलं की परत येतो."

साहेबांची पेन्सिल थांबली. "पुन्हा सांगा. सावकाश. हे तिला... हे नीट लिहायला पाहिजे."

तिकडं शाळेची घंटा झाली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.