आबाजींची एकच अट

मुलीच्या सोयरिकीसाठी आबाजींची एकच अट होती. पत्रिका जुळली नाही तरी हरकत नाही, मुलाचं घर कौलारू असलं तरी चालेल. पण गाडी चालवताना फोन घेणारा जावई त्यांना दारात उभा नको होता. आबाजींनी सगळी नोकरी एसटीचं चाक हातात धरून काढली होती आणि गाडीला साधा ओरखडा पडू दिला नव्हता. निवृत्त झाल्यावरही ते ओटीवर खुर्ची टाकून ताठ बसत, आणि पळसदरीतला एखादा पोरगा फोन कानाला लावून दुचाकीवरून गेला, की त्याच्या घरी जाऊन त्याच्या बापाची खरडपट्टी काढत. बापही बिचारे ऐकून घेत, कारण आबाजींना उलट बोलायची गावात कुणाची टाप नव्हती.

लोधिवलीचा देवेश त्यांच्या रियाला बघायला गेला, तेव्हा ही अट पोह्यांच्या आधी पुढे आली. विचारलंही खुद्द रियानेच. "तुमी गाडी चालवताना फोन घेता का?"

देवेशने मान खाली घातली आणि सतरंजीच्या दशा मोजायला लागला. त्याची आई भागूबाई मात्र तयारीतच होती.

"घेतोय कसला! अवो, आमचा देवेश गावोगाव त्येच तर सांगत फिरतो!"

हे अगदीच खोटं नव्हतं. देवेशचा एक छोटा टेंपो होता, टपावर दोन भोंगे होते, आणि लग्नाची, जत्रेची, पाणी येणार नसल्याची दवंडी पिटून त्याचं बरं चाललं होतं. जानेवारीत खालापूरच्या एका मंडळाने रस्ता सुरक्षेच्या प्रचारासाठी त्याचा टेंपो ठरवला. मंडळाच्या राजेश सरांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून दिलं होतं. "थांबा! विचार करा! फोन कानाला, तर जीव टांगणीला!" हे दिवसभर ऐकून देवेशचं डोकं उठायचं. म्हणून त्याने यावर जालीम उपाय शोधला होता. दोन्ही कानांत इअरफोनची बोंडं खुपसायची आणि टेंपो हाकायचा. बाहेर भोंगा जग डोक्यावर घेई आणि आत देवेश निवांत असे.

पळसदरीच्या लोकांनी मंगळवारी निरोप कळवतो असं सांगितलं होतं. आणि मंगळवारीच मंडळाने त्याला कर्जतवरून पळसदरीला पाठवलं. सकाळपासून देवेश त्या निरोपाची वाट बघत होता. रिया त्याला आवडली होती. नुसती आवडली नव्हती, तर तिला बघून आल्यापासून तो आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहत होता. पण बघायच्या कार्यक्रमात त्याच्या तोंडून "हां" आणि "चालेल" याच्यापलीकडे शब्द फुटला नव्हता, आणि आता नकार आला तर तो कुणाला दोष देणार होता?

गावाच्या वेशीवर आल्यावर त्याने गळ्यात अडकवलेल्या माईकचं बटण दाबलं. या माईकची एक खोड होती. तो चालू झाला की रेकॉर्ड आपोआप गप्प बसायचं. "पळसदरीच्या समस्त ग्रामस्थांनो," एवढं देवेश म्हणाला, आणि कानातला फोन वाजला. भागूबाईचा होता. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? टेंपो बाजूला घेतला असता, माईक बंद केला असता. देवेशने यातलं एकही केलं नाही. एका हाताने चाक धरलं, दुसऱ्या हाताने फोन तोंडासमोर धरला, कारण त्या इअरफोनचा आपला माईक कधीच मेला होता, आणि तो बोलायला लागला. आईचं बोलणं फक्त त्याच्या कानात जात होतं. त्याचं बोलणं मात्र दोन्ही भोंग्यांतून सगळ्या पळसदरीत जात होतं, आणि कानात बोंडं असल्यामुळे पळसदरीत एकट्या त्यालाच ते ऐकू येत नव्हतं.

"हां आई, बोल," भोंगा म्हणाला. "नाय गं, अजून काय फोन नाय आला त्यांचा... हां, गाडीवरच हाय. चालवतोय... थांबवू कशाला? मला एका हातानं जमतं. रोजचंच हाय!"

बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायकांच्या कळशा तिथेच राहिल्या. पारावर बसलेला म्हातारा बुधाजी ताडकन उठला आणि दोन्ही हात हलवून ओरडला, "अरं बंद कर! बंद कर तो!" देवेशला वाटलं, काय प्रेमळ गाव आहे. त्यानेही फोनसकट हात हलवून म्हाताऱ्याला रामराम केला.

"आबाजींना कोण सांगायला जातंय?" भोंगा पुढे म्हणाला. "ते बसले असतील घरी मिशीला पीळ देत... नाय गं आई, पोरगी मला पसंत हाय. लय पसंत हाय! मग काय बोलू? ती समोर आली न् माझी बोबडीच वळली. अगं, पोहे इतके खारट होते, तरी दोन बश्या खाल्ल्या मी. का खाल्ल्या असतील?"

आता गावातल्या खिडक्या भराभर उघडायला लागल्या. शाळेची मधली सुट्टी नसतानाही पोरं कुंपणावर चढली. राजेश सरांच्या उपदेशाला या महिन्यात एवढे श्रोते कुठल्याच गावात लाभले नव्हते. प्रचाराला चांगला प्रतिसाद आहे, अशी देवेशने मनात नोंद केली.

तेवढ्यात भागूबाई फोनमध्ये किंचाळली, "देवा, अरं आबाजींचा फोन येतोय मधी! काय करू? तुला ठेवू?"

देवेश सीटवरून उठलाच. "ठेवू नको! मला पण ऐकायचंय! दोघांना जोड!"

"जोडू कशी रं?"

"खाली बघ, बटण असंल. हिरवं नको! लाल तर अजिबात नको! थांब, माझ्या फोनवर बघून सांगतो..."

आणि त्याने रस्त्यावरची नजर काढून फोनवर लावली. नेमकं त्याच वेळी गावाबाहेरचं वळण आलं. वळणाच्या पलीकडून एक स्कूटर येत होती, आणि स्कूटरवाल्याचंही लक्ष रस्त्यावर नव्हतं. देवेशने वर पाहिलं तेव्हा समोर एक पिवळं हेल्मेट आणि त्याखाली वासलेलं तोंड होतं. त्याने चाक गर्रकन डावीकडे फिरवलं. स्कूटरही त्याच बाजूला वळली. रस्त्याकडेच्या खळ्यावर पेंढ्याची नुकतीच रचलेली उडवी उभी होती. टेंपो तिच्यात छातीपर्यंत घुसला, स्कूटर आडवी झाली आणि स्कूटरवाला अलगद पेंढ्यात जाऊन बसला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पेंढ्याची उडवी तेवढी भुईसपाट झाली.

धक्क्याने देवेशच्या कानातली बोंडं निघाली आणि फोन सीटखाली गेला. "आई गं!" तो म्हणाला, आणि डोक्यावरून, भल्यामोठ्या आवाजात, त्याचंच "आई गं!" परत आलं.

त्याने हळूच गळ्यातल्या माईककडे पाहिलं. बटणाचा लाल दिवा सुखाने जळत होता. मग म्हाताऱ्याचे हात, खिडक्या, कुंपणावरची पोरं, सगळं एकदम ध्यानात आलं. पोहे खारट! रोजचंच हाय! मिशीला पीळ! आता लग्न तर गेलंच, पळसदरीतून धड पाय काढता आला तरी पुष्कळ. तो धडपडत खाली उतरला आणि पेंढ्यातल्या माणसाला उठवायला गेला. हेल्मेट वर झालं. आत कानटोपी होती, आणि कानटोपी आणि हेल्मेटच्या मधे, उजव्या कानाला घट्ट, एक फोन खुपसलेला होता. त्यातून बारीक आवाज येत होता, "आपण ज्यांना फोन केला आहे, ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत..."

"मामा, तुमी?" देवेशच्या तोंडून निघालं.

ते आबाजी होते. मिशीत पेंढा अडकला होता. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून त्यांचा डावा कान कधीच कामातून गेला होता, आणि उजव्या कानात ती फोनमधली बाई बोलत होती. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ताडत, पण आपल्या डोक्यावर काय गाजतंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांनी देवेशला पाहिलं, आडव्या स्कूटरला पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप हेल्मेटातल्या फोनवर गेला. चोर सापडावा तसा चेहरा झाला त्यांचा.

"पावनं," ते देवेशच्या कानाशी, म्हणजे अगदी माईकपाशी, तोंड नेऊन म्हणाले, "तू काय बघितलं नाय."

"पावनं, तू काय बघितलं नाय," भोंग्याने गावाला सांगितलं.

देवेशचा हात माईक बंद करायला गेला. खरंच गेला. पण आबाजींचं पुढचं वाक्य ऐकून तो वाटेतच थांबला.

"खरं सांगू? मी तुझ्या आयेला नकार कळवायलाच फोन लावत होतो. घरून लावला तर रिया न् तिची आय माझ्या अंगावर येतील, दोघींना तू पसंत हायस. म्हणून म्हटलं, वाटेत उरकून टाकू. मला काय तू पटला नव्हतास. पोरगा बोलतच नाय, मुका हाय का काय, असं वाटलं."

"मग आता, मामा?"

"आता मला मुकाच पायजेल!" आबाजींनी त्याचा दंड धरला. "मी गाडीवर फोनवर होतो, हे गावाला कळलं तर माझी काय इज्जत राहील? किती जणांच्या बापांना शिव्या घातल्यात मी! जनीला, रियाच्या आयेला, तर कळताच कामा नये. तू तोंड उघडायचं नाय. मी पण तुझं काय विचारत नाय. लग्न पक्कं समज. माघी पौर्णिमेच्या आत साखरपुडा. माझा शब्द हाय."

देवेशने हात खाली घेतला. माईकचा लाल दिवा तसाच जळत राहू दिला. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प राहिल्याचा त्याला फायदा होत होता.

"मामा, शब्द नक्की ना?" त्याने नम्रपणे विचारलं. "जरा मोठ्यानं सांगा, गाड्यांचा आवाज हाय."

"नक्की म्हणजे नक्की!" आबाजी गरजले. "आबाजीनं दिलेला शब्द फिरत नाय!"

गावाच्या दिशेने हसण्याची एक लाट उठली. पाठोपाठ माणसंच आली. बोअरिंगवरच्या बाया, म्हातारा बुधाजी, शाळेची पोरं, आणि सगळ्यांच्या पुढे आबाजींची बायको जनी, पदर खोचलेली. देवेशला वाटलं, आता स्कूटरवरून चौकशी होणार. पण जनीने नवऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पोहे खारट होते, व्हय?"

देवेश एक पाऊल मागे सरला. "नाय... म्हणजे, थोडे."

"खारटच होते," मागून रिया म्हणाली. "मी केले होते. त्या दिवशी सगळे चांगले झालेत म्हणाले. आज एकानं तरी खरं सांगितलं." ती हसू दाबायचा प्रयत्न करत होती, पण ते काही दाबलं जात नव्हतं. "फोनचं विचारलं तेव्हा तुमी मान खाली घातली. मला तेव्हाच कळलं, यांना खोटं बोलता येत नाय. आता ती सवय मोडा, म्हणजे परत मान खाली घालायला नको."

"मोडली," देवेश म्हणाला, आणि त्याला ते इतकं मनापासून वाटत होतं, की त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात टेंपोच्या सीटखाली फोन वाजायला लागला. भागूबाईचाच असणार. सवयीने देवेशचा हात तिकडे गेला. सवयीनेच आबाजींचा हात हेल्मेटकडे गेला. रियाने दोघांकडे पाहिलं, आणि दोन्ही हात मुकाट्याने मागे आले. तिने वाकून फोन उचलला आणि देवेशच्या शेजारी, माईकपासून हातभर अंतरावर, उभी राहून बोलायला लागली.

"हॅलो, आई? हां, मी रिया. ते टेंपो काढतायत. गाडीवर असताना नाय घेणार ते फोन. घरी आले की बोलतील."

भोंग्याने ते सगळं जसंच्या तसं ऐकवलं. परवापर्यंत जी "काकू" होती ती आज "आई" झाली होती, हे बोअरिंगवरच्या बायकांना देवेशच्याही आधी कळलं. त्यांनी टाळ्या पिटल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि म्हातारा बुधाजी भुईसपाट पेंढ्यावरच नाचायला लागला.

आबाजींनी हेल्मेट काढलं, कानटोपी वर सारली आणि सगळ्यांकडे संशयाने पाहत जावयाला हळूच विचारलं, "काय झालं रं? यांना कुणी काय सांगितलं तर नाय ना?"

"नाय, मामा," देवेश म्हणाला. "मी तोंडसुद्धा उघडलं नाय."

या वेळी ते वाक्य आबाजींना दोनदा ऐकू आलं. आधी देवेशच्या तोंडून आणि मग भोंग्यातून. आबाजींनी सावकाश मान वर करून टपाकडे पाहिलं.