गोडदेवचे हत्ती

भाईंदर पूर्वेच्या एका महाविद्यालयात २००६ साली असा नियम निघाला, की प्रकल्पातल्या प्रत्येक विधानाला दोन विश्वसनीय संदर्भ हवेत. विश्वसनीय म्हणजे छापील. प्रकल्प नापास, तर परीक्षेला बसणं बंद. निकेत आधीच एकदा गटांगळी खाऊन बसलेला, त्यामुळे तो लगेच कामाला लागला.

त्याचा विषय होता कॉलेजजवळच्या जुन्या गावाचा, 'गोडदेव: काल आणि आज'. ग्रंथालयात दिव्या नावाच्या जुन्या विद्यार्थिनीचा प्रकल्प सापडला. त्यात लिहिलं होतं, की गोडदेवला पूर्वी हत्तींचा बाजार भरत असे. निकेत चक्रावला. त्याची आजी गोडदेवचीच.

"हत्ती?" आजी म्हणाली. "आमच्या गल्लीत बैलगारी वलत न्हाय, हत्ती कसा वलल?"

दिव्याने संदर्भ दिला होता तिच्याही आधीच्या जितेश नावाच्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचा. जितेशने एका वेबसाइटचा, आणि त्या वेबसाइटने जितेशचाच. वेबसाइट निघाली सायबर कॅफेवाल्या ईश्वरची. जितेशचा प्रकल्पही त्यानेच टाइप केलेला.

"अर्धं पान रिकामं दिसत होतं यार," ईश्वर म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये हत्तीचं चित्र होतं, टाकलं. मग खाली काहीतरी लिहायला नको? आणि मॅडमना संदर्भ पाहिजे, म्हणून तेच नेटवर चढवलं."

निकेत तडक प्रकल्प तपासणाऱ्या उर्मिला मॅडमकडे गेला. "मॅडम, ते हत्ती खोटे आहेत!"

"संदर्भ?"

"माझी आजी. आणि ज्याने ते लिहिलं तो ईश्वर स्वतः."

"छापील आहेत?"

"नाही, पण जिवंत आहेत!"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हत्तींच्या बाजूने तीन छापील पुरावे आहेत: दोन प्रकल्प आणि वेबसाइटची प्रिंट. तू सांगोवांगीच्या गप्पा आणतोयस. परीक्षेला बसायचंय ना?"

बसायचं तर होतंच. निकेत मुकाट्याने पुन्हा ईश्वरकडे गेला. "हत्ती नव्हते, असं छापून दे."

"नव्हते म्हटल्यावर पान कसं भरणार? होते म्हण, माहूतपण टाकतो."

निकेतला स्वतःचीच चीड आली. पण परीक्षा डोळ्यांसमोर नाचत होती. "टाक बाबा माहूत," तो म्हणाला.

प्रकल्प कॉलेजात पहिला आला. पुढच्या वर्षी मॅडमनी 'गोडदेवचे माहूत' हा स्वतंत्र विषय लावला. आजीही आता आल्यागेल्याला हत्तींचा बाजार रंगवून सांगते. नातवाच्या पुस्तकात आहे म्हणे.

हसा, खुशाल हसा. पण असा निकेत, अशी आजी खरंच होती का, हे तुम्ही तरी कुणाला विचारलंत? छापलेलं दिसलं आणि मान डोलावलीत.