सोपान मिस्त्रीची तहान

सोपान मिस्त्रीबरोबर कुठं जायचं असेल तर घरूनच पोटभर पाणी पिऊन निघावं, कारण तो स्कूटरवर पाण्याची बाटली ठेवू द्यायचा नाही. कुपवाडच्या कारखान्यात तो लेथवर, मी स्टोअरला. सुट्टी आली की त्याला लढ्याच्या जागा बघायच्या असत. कुठं बेचाळीसला गोळीबार झालेलं मैदान, कुठं सत्याग्रहाचं तळं. मी पाटी वाचायला लागायचो, आणि हा गडी जवळच्या घराची कडी वाजवायचा.

"पाणी द्या. माठातलं. वरनं वतल्यालं आमी पीत न्हाई."

"अरे, आपण स्मारक बघायला आलोय ना?" मी स्कूटरआडून म्हणायचो.

"तेच बघतुय गड्या. दगड कुणीबी हुबा करतंय. पाणी कसं देत्यात ते बघायचं."

भांडं हातात मिळालं तर ठीक. ओंजळ धरायला सांगितली की तो उंबऱ्यासमोर बसकण मारायचा. एका गावात आम्ही तीन तास बसलो. भांडं मिळालं, मला ऊन लागलं ते वेगळंच.

आमच्या घरीही त्यानं परीक्षा घेतली. आम्ही रोज फुलपात्रानं पाणी पितो, पण आईनं त्याच्यासाठी कपाटातला काचेचा ग्लास काढला. "काकू, फुलपात्रात द्या की," तो म्हणाला. आई गोरीमोरी झाली, पण तिनं दिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं ते मला, कारण ग्लास काढ असं तिला मीच खुणावलं होतं.

एवढा फिरणारा माणूस, पण म्हसवडकडच्या स्वतःच्या गावाला कधी जात नसे. तिथं शाळेपुढच्या स्तंभावर त्याच्या वडिलांचं नाव होतं. बेचाळीसला ते आणि गावातले तात्या एकाच कोठडीत होते, एकाच मगानं पाणी प्यायचे. सुटून आल्यावर वडील तात्यांच्या दारात गेले, तर तात्यांनी तांब्या वरून धरला.

"बा परत त्या दारात गेला न्हाई. मीबी न्हाई."

आणि पंच्याण्णव साली एका रविवारी तोच म्हणाला, "चल, गावाला. तात्या कवाच गेलं. म्हातारी ल्योकाकडं पुण्याला चाललीया. दार बंद व्हायच्या आत तिथलं पाणी प्यायचं हाय."

त्यानं कडी वाजवली. "पाणी द्या. माठातलं."

तात्यांची बायको खाटेवर बसली होती. तिनं डोळे बारीक केले. "राणूचा का रं तू?"

"व्हय."

"लय उशीर केलास. माझं गुडघं चालंनात. माठ सैपाकघरात हाय, तुझ्या हातानं घे."

दुसऱ्यांच्या दारात तीन-तीन तास बसणाऱ्या माणसाचा पाय उचलेना. शेवटी मीच ढकललं त्याला. त्यानं फुलपात्र भरून आणलं, तोंडाला लावणार तोच म्हातारी म्हणाली, "आदी मला दे. सकाळधरनं कोरडी हाय."

त्यानं भांडं घाईनं पुढं केलं, तसं थोडं पाणी त्याच्या हातावर आणि तिच्या लुगड्यावर सांडलं. म्हातारी भांड्याला तोंड लावून अर्धं प्याली आणि तेच भांडं तिनं त्याच्यापुढं धरलं. तो उभ्यानंच घटाघटा प्याला.

परतताना तो स्तंभापाशी थांबला आणि वडिलांच्या नावावरून त्यानं ओला हात फिरवला. विट्याला चहाच्या टपरीवर मान खाली घालून म्हणाला, "पाणी लय गार हुतं रं. बाला मिळायला पायजे हुतं."