ओझी उतरवणारा धाकूदादा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. धाकूदादाबद्दल बोलायला लागलो की लोक हसतात, मीही हसतो, आणि मुख्य ते राहून जातं.

धाकूदादा लोकांची ओझी उतरवायचा. आमची वाडी वर, डोंगराच्या बेचक्यात. लांज्याचा बाजार करून एसटीतून खाली उतरलं की तासाभराची चढण. निम्म्या वाटेवर त्याचं एकट्याचं घर. माणूस दिसला की हा पडवीतून धावत यायचा आणि न विचारता डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यायचा. घागरीतलं पाणी द्यायचा, गुळाचा खडा द्यायचा. इथवर देवमाणूस! पण भरलेलं पोतं एकट्याला पुन्हा डोक्यावर घेता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"बातमी सांगा, मग हात लावतो."

बाजारात कोण भेटलं, कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं सांगावं लागे. मध्येच पोतं चाचपायचा. "साखर पाच किलो? पोरीला बघायला येतायत वाटतं!" आणि वरच्या गुराख्यांना ओरडून सांगायचा. आपण वाडीत पोचेपर्यंत लोक विचारायचे, मुलगा काय करतो?

एकदा मी टेबलफॅन घेऊन चाललो होतो. वीज येणार, येणार म्हणत होते. मी घाई केली.

"गुरुजी, पंखा?"

"हो."

"आणि वीज?"

"येईल."

"हितनंच जाईल ना वर? मग बसा. दोघं बरोबरच जावा."

"दादा, उचल रे बाबा! शाळा आहे माझी."

"शाळा कुठं पळते?"

पाऊण तास बसवलं. वर पोचेपर्यंत चौथीची मुलंसुद्धा मला बघून हाताने वारा घेत होती.

पुढे रस्ता मंजूर झाला. सगळे अर्ज मीच लिहिलेले, म्हणून मोजणीला आलेल्या साहेबांबरोबर मीच फिरलो. पहिल्या खुणा पायवाटेनेच गेल्या, धाकूदादाच्या अंगणाला लागून. तो हरखला. "गाडीत माणसं जास्त, गुरुजी. म्हणजे बातम्यापण जास्त!"

पण त्याच खुणा पुढे माझ्या हापूसच्या सात कलमांवरून जात होत्या. मी साहेबांना म्हणालो, "या बाजूला दरड कोसळते. पऱ्याच्या पलीकडची जमीन घट्ट आहे." दरड तिथे कधीच कोसळली नव्हती. रस्ता त्या ओढ्याच्या पलीकडून गेला. धाकूदादाला मी सांगितलं, सरकारने ठरवलं.

"सरकारला काय कळतंय," तो म्हणाला. "तुमी होतात म्हणून रस्ता तरी झाला."

मग रिक्षा आल्या, टेम्पो आले. सिमेंटची पोती थेट दारात पडू लागली. पायवाटेवर रान माजलं. वाडीत सगळे म्हणाले, सुटलो त्या धाकूच्या कचाट्यातून! मीही म्हणालो.

दोनेक वर्षांनी कलमांवरची वानरं हाकलत मी त्या वाटेने खाली उतरलो. धाकूदादा धावतच आला. माझ्या डोक्यावर काहीच नव्हतं. त्याचे हात तसेच वर राहिले. अंगण झाडलेलं, घागर भरलेली, गूळ वाटीखाली झाकलेला.

"रोज भरतोस?"

"मग? कोण आला तर शिळं पाणी देऊ?"

त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी पाणी प्यालो आणि वर आलो.

गेल्या वर्षी त्याला मुंबईला न्यायला पुतण्या आला. चौघांनी खुर्चीत बसवून पऱ्या ओलांडून गाडीपर्यंत आणला. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. काचेपाशी वाकलो.

"दादा, ती दरड..."

"कोसळली काय?" तो घाबरून उठायलाच लागला. "तुमची कलमं बरी हायत ना, गुरुजी?"

"बरी आहेत," मी म्हणालो.

गाडी निघाली. दिवाळीच्या आधी फोन आला, धाकूदादा गेला.

दादा, दरड नव्हती. मी खोटं बोललो. मला माफ कर.