गेनूआबांचा इंग्रजी शब्द

आमच्या शेजारचे गेनूआबा दुसऱ्या बिस्कुटाला हात लावू देत न्हाईत. चहाला बोलवत्यात, पुडा फोडत्यात, एक देत्यात, आन् मी दुसरं उचललं की म्हणत्यात, "एक्स्ट्रॅव्हॅगंट."

आबा शिक्रापूरला एका कंपनीच्या गेटावर वॉचमन होते. पेन्शन काय मिळाली न्हाई, तिथल्या सायबाच्या तोंडचा हा शब्द तेवढा आमच्या कवठे गावाला घेऊन आले.

मी चौथीत दोनदा बसलेला माणूस. शब्द एवढा लांबडा, म्हंजी कायतरी भारी असंल, असं धरून चाललो. मेव्हणीच्या लग्नात पंगतीत मोठ्यांदा म्हणलो, "पाव्हणं, जेवान एकदम एक्स्ट्रॅव्हॅगंट." नवरीचा मामा इंग्रजीचा मास्तर, त्याला अर्थ ठावा. जिलबीवाल्याला त्यानं माझ्या पानावरनं सरळ पुढं न्हेलं.

मग आबांनाच अर्थ इचारला.

"गरज न्हाई तिथं उधळणं," आबा म्हणले. "कवतिकाला वापरू नगं. दुसऱ्याला तर म्हणूच नगं."

"मला तर रोज म्हणताय."

"तू कुठं दुसरा हाईस?"

आबांची बायको, हौसामावशी, गेल्या साली वारली. आता घरात आबा आन् मावशीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली मेंढी, बुगडी. बाकीची मेंढरं कवाच इकली. बुगडीला आता ना लोकर, ना दात.

परवा दिवस मावळताना आबांच्या गोठ्यातनं बाईचा आवाज आला. "ये गं बुगडे, खा गं माझे बाय." दुसऱ्या दिशीबी तसंच. म्हणलं, आबांनी या वयात कुणाला आणलं? ऱ्हावंना. कुडावरनं डोकवाया गेलो आन् कुडासकट आत पडलो.

आत बाई न्हवती. खांद्यावर मावशीचं लुगडं टाकून आबाच बसलेले. बारीक आवाज काढून बुगडीला गुळाच्या पाण्यात भिजवलेली भाकर भरवत होते.

मी पडल्या जागंवरनंच म्हणलो, "आबा, मेंढीला गूळ? हे एक्स्ट्रॅव्हॅगंट."

जल्मात पहिल्यांदा शब्द बरोबर बसला.

"व्हय, हाय," आबा म्हणले. "हौसा गेली तवापासनं ही दुसऱ्या कुणाच्या हाकंवर खायाला तोंडच लावंना. मरंल की."

मग त्यांनी चहा केला. मी दुसरं बिस्कुट उचललं. आबांनी पुडाच माझ्याकडं सरकवला. मलाच ते खाववंना, म्हणून बुगडीपुढं धरलं. तिनं तोंड फिरवलं.

"हाक मार की," आबा खाली बघत म्हणले. "बारीक आवाजात."

माझा आवाज रेड्याचा. तरी मारली. "ये गं बुगडे..."

बुगडी हालली न्हाई. आबांनी मान वर केली आन् मावशीचं लुगडं माझ्या खांद्यावर टाकलं.