पुरं केल्याशिवाय परत नाही

आमच्या कोल्हारच्या वाचनालयातून पुस्तक घरी नेणं सोपं आहे, परत करणं महाकठीण. इतर गावांत ग्रंथपाल पुस्तकं परत आणा म्हणून लोकांच्या मागे लागतात. आमच्या शकूताई परत आणलेलं पुस्तक घेतच नाहीत. चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि विचारतात, "पुरं केलं का?" तुम्ही जरा गुळमुळीत बोललात की ते पुस्तक पुन्हा तुमच्याच पिशवीत. "पुरं करा, मंग आना."

हो म्हणून मोकळं व्हावं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी तेहेतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस, त्यातून वाचनालयाचा कार्यवाह, म्हणजे कागदोपत्री शकूताईंचा साहेब. मागच्या वर्षी एक सातशे पानांची जाडजूड कादंबरी नेली आणि ऐंशीव्या पानावर हात टेकले. परत द्यायला गेलो, तेव्हा वाचनालय भरलेलं होतं. "उत्तम आहे," मी रुबाबात म्हणालो.

"व्हय का? म्हातारा शेवटाला कशानं गेला हो, सर?"

मी चेहरा पाडला. "वयच झालं होतं बिचाऱ्याचं."

"म्हातारा मरतच न्हाई," शकूताई म्हणाल्या आणि कादंबरी माझ्या पोटाशी टेकवली. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दोन मुली तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. त्यांतली एक माझीच विद्यार्थिनी! ती कादंबरी अजून आमच्या टीव्हीवर पडून आहे.

मेडिकलवाल्या अण्णांची तर याहून वाईट गत झाली. त्यांनी बायकोकडून सगळी गोष्ट ऐकून पाठ केली आणि छाती काढून आले. शकूताईंनी तिसऱ्या प्रश्नाला त्यांना पकडलं. मग बायकोच्या नावानं नवं कार्ड केलं, तिच्यासाठी दुसरं पुस्तक दिलं, आणि पहिलं पुन्हा अण्णांच्याच हातात ठेवलं. बाजारच्या दिवशी शकूताई मेथीच्या जुडीला हात घालता घालता पार पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "भाऊ, कितवं पान?" चांगली कर्ती माणसं भोपळ्याच्या ढिगामागे लपलेली मी पाहिली आहेत.

स्वतः बाई वाचतात म्हणजे किती वाचावं? लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडीवर पुस्तक. "सावधान" ऐकू आलं की मान वर न करता अक्षता टाकतात. एकदा त्या सगळ्या अक्षता पुढच्या विहीणबाईंच्या अंबाड्यात गेल्या, तर विहीणबाई वळून भांडणार इतक्यात शकूताईच म्हणाल्या, "थांबा जरा, हितं खून झालाय." नवरा लवकर गेला, पगार म्हणाल तर सांगायची लाज वाटावी एवढा, पण बाईच्या तोंडी रड नाही. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ वाचनालय उघडं म्हणजे उघडंच. तापानं फणफणल्या तरी डोक्याला फडकं बांधून टेबलाशी हजर.

एकाच गोष्टीत देवानं त्यांची थट्टा केली होती, असं गाव म्हणायचं. त्यांचा एकुलता एक मुलगा बाळू. त्याला वाचता येत नसे. माझ्याच वर्गात होता. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे टिकतच नसत. एक ओळ वाचायला घाम फुटायचा. आज कळतं की तसंही असतं, त्यात पोराचा काही दोष नसतो. तेव्हा मला फक्त राग यायचा. मी त्याला उभा करायचो आणि सगळ्या वर्गाला ऐकवायचो, "बघा, लायब्ररीवालीचं पोरगं, आणि वाचता येईना!" वर्ग खदाखदा हसायचा. मीही हसायचो. नववीत त्यानं शाळा सोडली, घरही सोडलं, आणि पुढे ट्रकवर लागला. मायलेकांत बोलणं नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. शकूताईंपुढे बाळूचं नाव कोणी काढत नसे.

म्हणून तर मागच्या महिन्यात आमच्या अध्यक्षांनी देवघेवीचं रजिस्टर माझ्यापुढे आपटलं, तेव्हा मी गार झालो. नगरहून वाचनालयाची तपासणी यायची होती. वर्षभरात कोणी किती पुस्तकं नेली, ते पाहताना अध्यक्षांना दिसलं की गावात सगळ्यांत जास्त पुस्तकं नेणारा वाचक म्हणजे बाळू! पानापानावर त्याचं नाव.

"जो पोरगा दुकानाची पाटी वाचत नाही, तो चाळीस कादंबऱ्या वाचतो?" अध्यक्ष म्हणाले. "सर, या बोगस नोंदी आहेत. वाचक वाढवून दाखवायला बाईंनी घरच्या माणसाचं नाव घुसडलंय. तपासणीत सापडलं तर वाचनालयाची मान्यता जाईल. तुम्ही कार्यवाह आहात. उद्या जा, आणि राजीनामा घेऊनच या."

राजीनामा मीच लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे ना, म्हणून. शकूताईंनी खाली फक्त सही करायची होती. तो कागद खिशात घालून दुसऱ्या दिवशी भर दुपारी निघालो. वाचनालय बंद असतं त्या वेळी गाठावं, चार माणसांत शोभा नको, एवढी माणुसकी मला होती. पण ती खुर्ची गेली तर या बाईला उरतं काय, हे मला कळत होतं.

दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता. एकदा म्हातारा बोलत होता, एकदा तरणी पोरगी, मध्येच एक घोडा खिंकाळला. मी दार ढकललं. शकूताई एकट्याच होत्या. दोन शब्दकोशांच्या मध्ये मोबाईल उभा करून ठेवलेला, आणि हातातल्या पुस्तकातून त्या मोठ्यानं वाचत होत्या. घोडाही त्याच.

मी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. प्रकरण पुरं होईपर्यंत थांबायचं, असा त्या हाताचा अर्थ. दुसरी खुर्ची कपाटाच्या वर चढवलेली होती. मी उभा राहिलो. चांगली वीस मिनिटं उभा राहिलो. पुस्तक वाचलं जातंय आणि आपण भिंतीशी उभे आहोत, हे कसं लागतं ते मला या वयात कळलं.

प्रकरण संपलं. मी खिशातला कागद न काढताच रजिस्टरचं बोललो. शकूताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नोंद खोटी न्हाई, सर. पुस्तक त्याच्या नावावर निघतं, कारन त्यो वाचतो. कानानं वाचतो. सही बी त्याचीच हाय, गाडी हितनं गेली की रस्त्याला लावून करून जातो. बगा की."

मी पाहिलं. ओळीवर सुरू होऊन खाली घसरत जाणारी सही. ती मी कशी विसरेन? उत्तरपत्रिकेवरच्या अशाच घसरत्या नावाखाली मी किती वेळा लाल शाईनं शून्य काढलं होतं.

"त्याला मी लई मारलं, सर," शकूताई म्हणाल्या. "वाचत न्हाई म्हनून. एकदा तर पुस्तकानंच मारलं. जाडं हुतं. त्यानंतर त्यो घरातनं गेला त्यो गेलाच. मंग तीन वर्सामागं एका दुपारी फोन आला. म्हनला, आई, उन्हानं डोळा लागायलाय गाडीवर, कायतरी बोल. आता इतक्या वर्सानं काय बोलावं? मला सुचंना. हातात पुस्तक हुतं, तेच वाचत सुटले. फोन ठिवायच्या वेळी त्यो म्हनला, पुढं काय झालं?" त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "जलमात पयल्यांदा इचारलं, सर, त्यानं. तवापास्नं दुपारी एक ते तीन आमचं असतं. न्हाई सोडायची मी. नोकरी घ्या पायजे तर."

"अहो पण अध्यक्षांना काय सांगू?"

"परीक्षा घ्या त्याची. तुमी मास्तर हाय." मोबाईलवर वाकून त्या म्हणाल्या, "बाळू, सर आलेत. उत्तरं दे."

बाळू ऐकतच होता! काय विचारावं ते सुचेना, म्हणून विचारलं, "त्या मोठ्या कादंबरीतला म्हातारा... शेवटी कशानं गेला रे?"

पलीकडे ट्रकची घरघर. मग बाळू म्हणाला, "म्हातारा कुठं गेला, सर? जित्ता हाय की शेवटपतूर. तुमी वाचली न्हाई वाटतं."

शकूताई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसलो, आणि खिशातला कागद तिथेच फाडला. संध्याकाळी अध्यक्षांना सांगितलं, नोंदी खऱ्या आहेत, मी स्वतः तोंडी परीक्षा घेतली, बाळू पास. तपासणीत कोणी विचारलं तर उत्तर मी देईन. "बघा बुवा, जबाबदारी तुमची," अध्यक्ष म्हणाले.

ही झाली मागच्या महिन्यातली गोष्ट. परवा दुपारी शकूताईंनी मला चिठ्ठी पाठवून बोलावलं. त्यांचा घसा पार बसला होता, तोंडातून नुसती हवा येत होती. कपाटावरची खुर्ची खाली काढून, पुसून ठेवलेली होती. त्यांनी मला तिच्यावर बसवलं, पुस्तक हातात दिलं आणि मोबाईलकडे बोट दाखवलं.

मी वाचलं. तेहेतीस वर्षं वर्गात वाचलं, पण असं एकालाच कधी वाचून दाखवलं नव्हतं. दोन पानं झाली आणि मला पुढचं दिसेना. मी पुस्तक मिटलं, आणि इतकी वर्षं जे म्हणायचं राहिलं होतं ते म्हणून टाकलं. "बाळू, वर्गात मी तुला उभं करून जे बोलायचो ना, ते चुकलं रे माझं. फार चुकलं."

पलीकडे एक हॉर्न वाजला.

"सर," बाळू म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. पुढं काय झालं?"

शकूताईंना आवाज नव्हता. त्यांनी मी मिटलेलं पुस्तक उघडलं, बरोबर ते पान काढलं आणि टेबलावर दोनदा बोट आपटलं. पुरं करा.